दाराला लावलेली वीट

आमच्या ह्यांच्याइतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकतीस वर्षं लोखंड ओतायच्या कारखान्यात ह्यांनी भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावलं. सगळे ह्यांना मिस्त्रीच म्हणायचे. मग कारखाना बंद झाला आणि मिस्त्री घरी बसले. बसले म्हणजे बसलेच. मी हाक मारली तरी ओ नाही. तीनदा ओरडावं तेव्हा कुठे मान वळायची. बायकोचं ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे सगळ्या नवऱ्यांना उपजतच येतं, असं म्हणून मी भांडी आपटायची.

त्यांना उठवलं ते लेकीनं. हॉटेलातली नोकरी सोडून तिला परसात पिझ्झाची भट्टी घालायची होती, घरूनच ऑर्डरी घ्यायच्या होत्या. म्हणाली, बाबा, बांधायची तर तुम्हीच, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही. दुसऱ्या दिवशी माणूस दाढी करून, थापी-ओळंबा पुसून तयार! किती तरी दिवसांनी मला घरात माझा नवरा दिसला.

भट्टीला साधी वीट चालत नाही, आचेनं तडकते. भट्टीची वीट वेगळी, पिवळसर आणि जड. ती पारखायची ह्यांची एकच रीत. दोन विटा एकमेकींवर ठोकायच्या. खणखणीत वाजल्या तर घ्यायच्या, बद्द वाजल्या तर आत चीर आहे समजून बाजूला टाकायच्या. कागद, शिक्के, हमी काही मानायचे नाहीत. कारखान्यातसुद्धा ह्यांच्या कानावर विटांची गाडी आत यायची, नाहीतर फाटकातूनच परत जायची.

पहिल्या दुकानात ह्यांनी चाळीस विटा वाजवल्या. चाळीसच्या चाळीस बद्द. दुसऱ्या दुकानातही तेच. मी पायरीवर उभी होते. मला तर त्या बऱ्या वाजताहेत असं वाटलं, पण विटांतलं मला काय कळतंय, म्हणून गप्प बसले. परतताना बसमध्ये मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, बांधायचीच नसेल तर सरळ सांगून टाका, पोरीला कशाला टांगून ठेवलंय? हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला आणखीच राग आला.

आता एकच व्यापारी उरला होता आणि त्याचा विषय निघाला की हे उसळायचे. कारखाना बंद व्हायच्या आदल्या वर्षी ह्यांनी त्याच्या तीन गाड्या परत पाठवल्या होत्या. माल बद्द, माणूस चोर, असं चारचौघांत सुनावलं होतं. त्यानंतर कारखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. त्या चोराकडून वीट आणण्यापेक्षा भट्टी न झालेली बरी, असं हे जेवताना म्हणाले.

लेक ताट बाजूला सारून बसली. ते बघून हेच वरमले. चांगली वीट कशी वाजते ते तुला ऐकवतो, म्हणाले. ह्यांनी लावलेल्या पहिल्या भट्टीतली उरलेली एक वीट आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला, ते मिटू नये म्हणून, वर्षानुवर्षं लावलेली आहे. ती त्यांनी उचलली, तळहातावर धरली आणि छोट्या हातोडीनं टोला दिला.

केवढ्यानं वाजली! लेकीनं कानांवर हात ठेवले. ह्यांनी कपाळाला आठी घातली, पुन्हा टोला दिला, मग आणखी एक.

"हीपण गेली," ते म्हणाले.

लेक माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. ह्यांनी आम्हा दोघींचे चेहरे पाहिले आणि हातोडी खाली ठेवली.

"वाजली का गं?"

"वाजली," मी म्हटलं. "घंटेसारखी वाजली."

ते उंबऱ्यावरच बसले. आपण बहिरे झालो, असं ते म्हणालेच नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे त्या माणसाचा माल..." माझ्या मनात त्यांना मारलेल्या सगळ्या हाका येत होत्या. एवढी वर्षं मी ओरडत होते, पण एकदा जवळ जाऊन विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. लेकीनं डॉक्टरांचं काढलं, तर म्हणाले, आधी तिथं जाऊन येतो.

सकाळी मलाही बरोबर घेतलं. व्यापारी आता थकला होता, दुकानही निम्म्यावर आलं होतं. ह्यांना बघून तो उठला नाही. हे पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, "विटा तुम्हीच वाजवा. ऐकायला हिला आणलंय."

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय ते त्याला कळलं असावं. त्यानं ढिगातून दोन विटा काढून एकमेकींवर ठोकल्या. खणखणीत वाजल्या. मी मान हलवली. तो हातावरची माती झटकत, माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत हळूच बोलला.

"त्या तीन गाड्यासुद्धा अशाच वाजत होत्या, मिस्त्री."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ते वाक्य मला त्यांच्यासमोर मोठ्यानं, पुन्हा सांगावं लागलं.