काळ्या कडेची तीन पाकिटं

आयुष्यात मी बरेच खोटेपणा केले, पण नेटका असा एकच झाला. त्याची मला अजून थोडी लाज वाटते आणि बराच अभिमान वाटतो.

मामा अकोल्याला एका ग्रीक कापूस कंपनीत हिशेबनीस होता. कंपनीने तिथला कारभार आवरला तेव्हा जुनी रद्दी जाळायला काढली. त्यातली पाच पाकिटं मामाने वाचवून अमरावतीला आमच्याकडे आणली. पाचही ग्रीसहून आलेली, मामाच्या जन्माआधीची. प्रत्येकावरच्या तिकिटात पंखांची टोपी घातलेल्या कुठल्याशा देवाचं तोंड. "दोघं वाटून घ्या," मामा म्हणाला. पाच पाकिटं दोघांत वाटायला सांगणारा माणूस हिशेबनीस कसा झाला, कोण जाणे.

दादा कॉलेजात होता, मी मुलींच्या शाळेत. तिकिटावरची अक्षरं त्याने गणिताच्या ज्ञानावर वाचली. लॅम्डा, लॅम्डा, मग गॅमा. "हे ग्रीसचं नाहीच. इथं एल ग्राम लिवलं हाये," असं सांगून तो नकाशात एल ग्राम शोधत बसला. शेवटी आम्ही गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे तिकिटांचे चार मोठे आल्बम आणि एक जाडजूड कॅटलॉग होता.

"ग्रीक मानूस आपल्या देशाले ग्रीस म्हनतच नाही, बाबू, एलास म्हनते. त्यातलंच हे एल," ते म्हणाले. मग भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. या देवाच्या बऱ्याच तिकिटांच्या पाठीवर एक अंक छापलेला असतो, अगदी पहिल्या छपाईतल्या बहुतेकांवर तो नसतो, आणि बिनअंकाचं तिकीट भारी, असं त्यांनी सांगितलं. "पन काढून पाहू नका. तुमच्या बागेतलं संत्रं देठापानासकट टिकते ना? तसंच हे. तिकीट, शिक्का, पाकीट, सारं एकाजागी पायजे."

दादाने यातलं फक्त 'बिनअंकाचं भारी' एवढंच ऐकलं. त्याच्या वर्गातला एकजण असल्या तिकिटांच्या बदल्यात आपली जुनी सायकल द्यायला तयार होता. तिकिटं सुटी व्हावीत म्हणून रविवारी सकाळी पाचही पाकिटं परातीत पाण्यात घालायची, हे दादाने एकट्यानेच ठरवलं.

मला ती अख्खी हवी होती. एका पाकिटावर कुणीतरी अकोल्याचं नाव चुकवलं होतं, खोडलं होतं आणि परत चुकवलं होतं. अकोला कुठे आहे याचा पत्ता नसलेल्या माणसाने दोनदा प्रयत्न करून अकोल्याला पत्र लिहिलं, याचं मला फार प्रेम वाटायचं. ते दादाला सांगून उपयोग नव्हता.

साहेब लोकांत मयतीचं पत्र काळ्या कडेच्या पाकिटातून येतं, हे मामाने आम्हा सगळ्यांना एकदा सांगितलं होतं. आमच्याकडे मयतीचं पत्र दारातच वाचून फाडायचं आणि आंघोळ करूनच घरात यायचं. तसल्या कागदाला दादा हात लावणार नाही, अशी माझी अटकळ. शनिवारी घरचे बागेत गेल्यावर मी पट्टी आणि शाई घेतली आणि तीन पाकिटांना चारही बाजूंनी काळी कड आखली. दोन दादासाठी सोडली. मी अगदीच अन्यायी नव्हते.

पण रविवारी दादाने परात भरली, गठ्ठा उचलला आणि नेमकं आईने पाहिलं.

"मयतीची चिठ्ठी घरात कोनं आनली?"

"माय, काल तर कड नव्हती."

"मंग का रातच्यातून मेला का तो? पयले आंघोळ कर."

थंडीचे दिवस होते. दादा थंड पाण्याने न्हाला, आणि मी आत जाऊन पोटभर हसले. हसू आटोपून बाहेर आले तर आई पाकिटं फाडायला निघालेली. फाडण्याचा भाग मी विसरलेच होते.

"माय, थांब. ज्याले पत्र आलं तो फाडन. आपल्या घरचं सुतक थोडीच हाये?"

आईला हे पटलं. "मंग पोस्टमास्तरले नेऊन दे," ती म्हणाली.

मी पुढे, ओल्या केसांचा दादा मागे. पोस्टमास्तरांनी भिंग लावलं. मग बोट ओलं करून कडेवर टेकवलं. बोट निळंकाळं झालं.

"कड शिक्क्याच्या वरून गेली. म्हंजे पत्र अकोल्याले पोचल्यावर मानूस मेला," ते म्हणाले आणि माझ्या बोटांकडे पाहिलं. "या तिन्हींची किंमत आता शून्य."

दादा तडक घरी गेला आणि त्याने उरलेल्या दोन पाकिटांची तिकिटं भिजवून काढली. दोन्हीच्या पाठीवर अंक होता. सायकल गेली, आणि पुढे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मी मात्र तिथेच उभी होते. चांगल्या वस्तूचं मातेरं केलं म्हणून आता बोलणी बसणार, हे मी धरूनच चालले होते.

"असं काहून केलं, पोरी?"

"तिकीट निघू नये म्हनून."

त्यांनी चारही आल्बम माझ्यासमोर उघडले. हजारो तिकिटं, एकही पाकीट नाही.

"हे सारे म्या तुह्या दादाच्या वयात भिजवून काढले," ते म्हणाले. "मले कोनी अडवलं नाही." आणि ती तिन्ही पाकिटं त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.