ट्रकचं बाळंतपण

ओट्यावर ऑइलचे दोन कॅन शेजारी शेजारी ठेवलेत आणि त्यांच्याकडे बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन नुकतंच खोलून पुन्हा बांधलं. मिस्त्री म्हणतो, "जाडच ऑइल घाला, जुनं इंजिन आहे." दुकानदार म्हणतो, "पातळ घ्या, आतलं सगळं नवंच ना!" शेजारचे अण्णा चहा प्यायला आले आणि दोन्ही मिसळायला सांगून गेले. इंजिन नवं की जुनं, एवढंही ठरेना. सल्ले मात्र प्रत्येकाच्या खिशात तयार! वर मिस्त्रीची ताकीद, "बाळंतीण समजा. सव्वा महिना ओझं घालू नका."

बायको तिथंच लसूण सोलत होती. मी वैतागून म्हटलं, "एका इंजिनाला किती जणांनी शहाणपण सांगायचं?"

ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तुमच्या घरात हेच चाललं होतं. कुणी म्हणे डिंक द्या, कुणी म्हणे नको, मेथी द्या. मला काय हवंय, ते कुणीच विचारलं नाही. तुम्हीसुद्धा."

मुलगी आता नोकरीला लागलीय. तरी मी विचारलं, "काय हवं होतं?"

"झोप," ती म्हणाली.