टोपल्याखालचं पीठ

माझ्या कथेवर सिनेमा निघाला तेव्हा गावातली माणसं मला 'डायरेक्टर' म्हणायला लागली. एका मित्राने तर चारचौघांत विचारलं, "भुताचं काम कोण करतंय बे, तूच का?" सगळे हसले, मीही हसलो. ती भुताची गोष्ट नव्हती, पण हे कुणाकुणाला सांगत बसणार?

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची होती. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला आणि आमचं सगळं घर ऊस तोडायला दूरच्या एका सहकारी कारखान्यावर गेलं. तिथं फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, अक्काला ताप भरला आणि ती गेली. आमच्याकडे रीत अशी, की माणूस गेलं त्या जागी रात्री पीठ पसरायचं, जवळ दिवा लावायचा आणि पिठावर टोपलं झाकायचं. गेलेलं माणूस एकदा परत येऊन जातं म्हणतात. सकाळी टोपलं उचललं की पिठात काहीतरी उमटलेलं दिसतं, चिमणीचा पाय, नाहीतर गाईचं खूर, आणि त्यावरून ते कुठल्या जन्माला गेलं ते कळतं.

आईने ज्वारीचं पीठ पसरलं. पण फड तोडून संपला होता आणि कारखान्याला ऊस कमी पडत होता. पुढच्या फडावर जायचं म्हणून मुकादमाने उजाडायच्या आत कोप्या मोडायला लावल्या. त्या गडबडीत कुणीतरी ते टोपलंही भांड्यांबरोबर गाडीत टाकलं. आई धावत आली तोवर पिठावरून बैल गेले होते. मला त्या मुकादमाचा राग येतो, अजूनही येतो. पण वरून हुकूम आल्यावर त्याला तरी कोण विचारत होतं!

कथेत मी कोपी मोडू दिली नाही. उजाडतं, आई टोपल्याला हात घालते आणि तिथंच कथा थांबते. दिवाळी अंकात ती छापून आली तेव्हा या शेवटाचं फार कौतुक झालं. आईला वाचता येत नाही, आणि तिला वाचून दाखवायचा मला कधी धीर झाला नाही.

सिनेमावाले म्हणाले, "सर, सुंदरच आहे. पण टोपल्याखाली काय आहे ते पब्लिकला दाखवावंच लागेल." मग ऊस गेला आणि हवेली आली. कोपी गेली आणि धुकं आलं. हवेली म्हणे आमच्या बीड जिल्ह्यातली. बीडमध्ये धुकं! मी फोन करत राहिलो आणि ते "तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणत राहिले.

सिनेमा बीडला लागला तेव्हा मी आईला म्हणालो, "माय, त्यात आपलं काई राहिलं न्हाई. नको बघूस."

"त्यात टोपलं उचलतेत का?"

"उचलतेत."

"मग मला बघायचंय."

त्याही वर्षी पाऊस नव्हता. टँकर यायच्या दिवशी आई घर सोडत नसे. पण त्या दिवशी तिने घागरी शेजारणीच्या हवाली केल्या, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि धपाटी बांधून घेतली. थिएटरात खुर्चीखाली चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन ती बसली, देवळात बसावं तशी. मला तिच्याकडे बघवेना.

टोपल्याचा प्रसंग आला. आईने माझं मनगट धरलं. टोपलं हळूहळू वर गेलं, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि पिठात नखांचा पंजा दिसला, वाघाचा की अस्वलाचा कुणास ठाऊक. मग पांढऱ्या बुबुळांची ती मेलेली पोरगी केस मोकळे सोडून आली आणि तिने स्वतःच्या आईचाच गळा धरला. भीतीसुद्धा वाटली नाही. मागची पोरं खिदळली. आईने मनगट सोडलं. उठून ते बंद करावं असं फार वाटलं, पण सांगणार कुणाला? दारावर तिकीट फाडणाऱ्याला?

स्टँडवर मी धपाटी सोडली. तिने हात लावला नाही.

"माजी लेक आसं न्हाई करायची," ती म्हणाली.

"त्यांनी मनानंच घातलंय ते, माय."

"आसू दे. त्यांला काय ठावं तिचं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुज्या गोष्टीत काय उमटलं व्हतं?"

चिमणी, असं म्हणून टाकावं असं वाटलं. तिने विश्वास ठेवला असता. पण जीभ उचलली नाही.

"माज्या गोष्टीत टोपलं उचलतच न्हाईत. तितंच संपती ती."

"कावून?"

त्या शेवटाचं कौतुक करणाऱ्यांनी दिलेली कारणं मला तोंडपाठ होती. त्यातलं एकही आईला सांगण्यासारखं नव्हतं.

गेवराईची गाडी लागली. आईने धपाटी पुन्हा फडक्यात बांधली.

"मंजी तूबी न्हाईच उचललंस," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.