पाठीचे फोटो

इथे आखातात, अल मनखूल भागात आमच्या बिल्डिंगखाली त्याचं लाँड्रीचं दुकान आहे. ऐन ऑगस्टात, इस्त्रीच्या वाफेतही तो गळ्यापर्यंत बटणं लावून उभा असतो. हिंदी बोलतो, पण अडखळत. कपडे कधी मिळतील विचारलं की म्हणतो, "इन्शाल्ला, शाम को," आणि संध्याकाळी ते खरंच तयार असतात. त्याच्या देशाचा विषय निघाला की तो उगाच हँगर सारखे करत बसतो.

एकदा दुपारी त्यानं मला आत बोलावलं आणि शटर अर्धं ओढलं. त्याचा धाकटा भाऊ युरोपात होता. तिथलं सरकार त्याला मायदेशी धाडायला निघालं होतं.

"वकील म्हणतो, जिथे माणसाचा छळ होईल तिथे त्याला पाठवायचं नाही, असा तिकडे कायदा आहे. माणूस कसाही असो. पण आमच्याकडे छळ होतो हे कोर्टाला दाखवावं लागेल."

मग भिंतीकडे तोंड करून त्यानं शर्ट काढला. "भाईसाब, फोटो निकालो."

मी काढले. पहिला हललेला आला. "आराम से," तोच मला म्हणाला.

काही महिन्यांनी कोर्टानं भावाला तिथे राहू दिलं. मी आनंदानं त्याचा हात हातात घेतला, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

"फोटो त्यानंही पाहिले," तो म्हणाला. "तुरुंगात मला कुणी हात लावला नाही, असंच मी त्याला सांगत आलो होतो. आता तो फोन करतो आणि काही बोलतच नाही."