बँडचा गोंद सुटेपर्यंत

पूर्वी घड्याळाची बॅटरी बदलायला दोन मिनिटं लागायची. मागचं झाकण उघडायचं, बटणाएवढी बॅटरी काढायची, नवी बसवायची, झाकण दाबायचं, झालं. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक फार तर उकाड्याबद्दल बोलतं. मग हे मनगटावरचे फिटनेस बँड आले. यांना झाकणच नाही! स्क्रीन गोंदाने चिकटवलेली. ती गरम करा, गोंद सैल होईपर्यंत थांबा, मग प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत सरकवत उघडा. अर्धा तास कुठे गेला नाही. आणि अर्धा तास बाकड्यावर बसलेला माणूस करणार काय? घरचं सगळं सांगतो. सुनेचं सांगतो, सोसायटीचं सांगतो, स्वतःची शुगर सांगतो. मी काही विचारत नाही हो. माझ्या हातात हेअर ड्रायर असतो.

आमचं दुकान वसई गावातून भुईगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. बायको फिलू म्हणते, "बावतीस, तुझ्या दुकानात बँडपेक्षा किस्सेच जास्त पडलेत." खरं आहे तिचं. बँड निदान लोक परत घेऊन जातात.

*

दुकान मूळ बाबांचं. बाबा चावीच्या घड्याळांचा माणूस. अजून रोज डोळ्याला भिंग लावून पुढच्या टेबलावर बसतात. बँडला ते घड्याळ म्हणत नाहीत. "चावी नाही, काटे नाहीत. रबरबँड आहे तो," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. धंदा कसा करायचा सांगा!

आणि बँड घालायची पाळी नेमकी त्यांच्यावरच आली. गेल्या वर्षी त्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट बसली. माझी धाकटी बहीण सबिना कतारला नर्स आहे. तिने ताबडतोब बँड पाठवला. बाबांच्या हातावर बँड, ठोके माझ्या फोनमध्ये, तिथून तिच्या फोनमध्ये. ड्युटीच्या मधेमधे ती बघत असते.

हसू नका. आई गेली तेव्हा सबिनाला सुट्टी वेळेवर मिळाली नव्हती. विमानतळावरून ती थेट सिमेटरीत आली, तोवर माती देऊन झाली होती. मला ती एवढंच म्हणाली, "आधी कळलं असतं तर निघाले असते रे दादा." आधी आम्हाला तरी कुठे कळलं होतं? पण तिच्या मनात ते बसलं ते बसलंच. बाबांच्या वेळीही आपल्याला कळणार नाही, ही एकच धास्ती तिला आहे. म्हणून त्या बँडची थट्टा मी करत नाही. बाबा करतात.

बँडची बॅटरी संपली, की ठोके दिसेनासे होतात. की लगेच दुकानात फोन.

"दादा, बाबांचे ठोके दिसत नाहीत!"

"समोर बसलेत. भजी खातायत."

"भजी?"

यापुढचं बोलणं मला ऐकावं लागतं. बाबा फोनवर बोलत नाहीत. फोन दिला, तर "बरा आहे" म्हणतात आणि परत करतात. वर आम्हालाच विचारतात, "सगळं त्या रबरबँडमध्ये दिसतं ना तिला? मग बोलायचं काय?"

*

अर्नाळ्याच्या एक मासळीवाल्या मावशी आहेत. मुलीने त्यांना बँड घेऊन दिला होता. एक दिवस तो घेऊन आल्या. बॅटरी अशी फुगलेली, की स्क्रीन एका बाजूने उचलली गेलेली.

"मावशी, हा तापला कुठे एवढा?"

"पानी गेलं व्हतं ना आत. मंग सुकवला."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? बोंबलांबरोबर. वलांडीवर टांगला."

म्हणजे मासे वाळवायच्या बांबूवर, भर उन्हात, चार दिवस! मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "मावशी, बॅटरीला ऊन चालत नाही."

"बोंबलाला चालतं!" मावशी म्हणाल्या. चूक कोणाची आहे ते त्यांच्या लेखी स्पष्ट होतं.

बॅटरी बदलायची म्हणून मी गोंद गरम करायला घेतला. हेअर ड्रायर सुरू झाला आणि बाजारातली मांजरं एकेक करून पायरीवर येऊन बसली. तेवढ्यात एक पक्के शाकाहारी गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इथे नक्की काय रिपेअर करतात?"

बाबांनी भिंगातून वर बघितलंच नाही. म्हणाले, "आज मासळी."

*

गोखिवऱ्याचे सावंतसाहेब हे वेगळंच प्रकरण. मुंबईत चांगल्या कंपनीत अकाउंट्सला. बँड आणला तो मूळ डबीतून, डबी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.

"चालूच होत नाही. कोणी म्हणतं बॅटरी गेली. पण ते शक्यच नाही."

"का?"

"अहो, बॅटरी वापरलीच नाहीये मी! घेतल्यापासून जपतोय."

म्हणजे कसं, तर सकाळी चालायला जाताना साहेब बँड बंद करून हातात घालायचे. बॅटरी कशाला फुकट घालवायची? घरी आले की चालू करून बघायचे.

"काय बघायचात?"

"किती चाललो ते."

"किती दिसायचं?"

"शून्य. म्हटलं, सुरुवात आहे."

मी गंभीर चेहऱ्याने त्यांना समजावलं, की या बॅटऱ्या न वापरताही उतरत जातात, आणि रिकाम्या पडून राहिल्या की कायमच्या जातात. साहेबांनी रिकाम्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे जपली म्हणून गेली?"

"हो."

त्यांनी खिशातून फोन काढला. घरी लावला. "अगं, ऐक. ते शोकेसमधले कप आजपासून वापरायला काढ."

*

मध्यंतरी एक दुपार फार सुखाची गेली. सबिनाचा एकही फोन नाही. उलट मेसेज आला, "बाबा आज किती शांत आहेत! ठोके एकदम छान. काय दिलंस जेवायला?" मलाही बरं वाटलं. बाबा पुढे बसून एका गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडत होते, ते मात्र मला जरा विचित्र वाटलं.

संध्याकाळी सबिनाचा फोन. रडवेला आवाज. "दादा, ठोके गेले! एकदम गेले! बघ ना!"

मी पळत पुढे गेलो. बाबा ठणठणीत. मनगट मोकळं.

"बँड कुठाय?"

"खाज येत होती. वर आहे."

वर म्हणजे माळ्यावर, जिथे आमच्या वाडीतला राजेळी केळ्यांचा फणा टांगलेला असतो. बाबांनी बँड हरवू नये म्हणून एका केळ्याला बांधून ठेवला होता. या बँडला मागे हिरवा दिवा असतो. तो उजेड कातडीवर टाकून ठोक्यांचा अंदाज काढतो. कातडी माणसाचीच आहे की नाही, हे तो विचारत नाही. दुपारभर माझी बहीण कतारमध्ये बसून केळ्याची तब्येत बघत होती.

"मग आत्ता ठोके का गेले?"

फिलू माळ्यावरून म्हणाली, "मी सोललं ते."

सबिनाला आम्ही नेटवर्क गेलं होतं असं सांगितलं. रात्री जेवताना मात्र मला काही हसू येईना. ती पोरगी तिकडे रडली होती हो.

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. कोणी मटण सोडतं, कोणी दारू सोडतं. ग्रेसी टीचरनी बँड सोडला. त्यांचं म्हणणं, स्टाफरूममध्ये रोज स्वतःच्या पावलांचे आकडे सांगून त्यांना गर्व झाला होता. तसं त्यांनी कन्फेशनमध्ये कबूलही केलं. मग बँड गेला घरातल्या अल्ताराच्या, म्हणजे देवघराच्या, खणात.

ईस्टरच्या, म्हणजे येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला त्या सणाच्या दिवशी टीचर चर्चमधून मिस्साहून आल्या, बँड चार्जरला लावला. ढिम्म!

"मी देवासाठी सोडला, आणि हा मलाच सोडून गेला!" टीचर माझ्यावरच चिडल्या.

बॅटरी पार तळाला गेली होती. अशी बॅटरी दामटून चार्ज करायची नसते, अगदी सावकाश जीव धरू द्यावा लागतो. मी म्हटलं, "ठेवून जा. तीन दिवस लागतील."

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. "तीन दिवस?"

"तीन."

त्यांनी क्रुसाची खूण केली आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बँड चालू झाला. मी फोन केला तर टीचर म्हणाल्या, "माहीत होतं." यंदा त्यांनी साखर सोडलीय. बरं झालं, साखर खणात ठेवली तरी बिघडत नाही.

*

हा अगदी छोटा. बँकेतल्या एक मॅडम बँड घेऊन आल्या. बॅटरी फुगून स्क्रीन वर आलेली. मॅडम घाबरलेल्या. "काका, हे पोट बघा ना केवढं झालंय याचं! काय करू?"

बाबांनी भिंग लावलं, बँड आडवा धरून बघितला, अंगठ्याने चाचपला.

"कितवा महिना?"

मॅडम तेव्हापासून घड्याळसुद्धा आमच्याकडेच आणतात.

*

शेवटी व्हायचं तेच झालं. बाबांच्या बँडची बॅटरी टिकेना. सकाळी फुल्ल, दुपारी गुल. सबिनाचे फोनावर फोन. उघडून बघितला तर याच्याही बॅटरीचं पोट वर आलेलं. काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. त्या मापाची बॅटरी वसईत नाही, मुंबईतही मिळाली नाही. मागवली. आठवडा लागेल म्हणाले. नवा बँड घेऊ म्हटलं तर बाबा कडाडले, "दुरुस्तीचं दुकान आहे आपलं! दुरुस्त होणाऱ्या वस्तूसाठी नवी वस्तू आणशील तर पाटी उतरव."

सबिनाला सांगितलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "आठवडाभर मला कळणार कसं, दादा?"

फोन हातात धरून उभा राहिलो. बाबांनी हात पुढे केला. "दे."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली, समोर दुरुस्त करून ठेवलेल्या चावीच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर लावली आणि बसले. पूर्ण मिनिटभर दुकानात टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"अडुसष्ट," बाबा म्हणाले.

"नक्की मोजलेत ना?"

"घड्याळजी आहे मी. अंदाजपंचे सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा फोन. पुन्हा मिनिटभर शांतता, पुन्हा आकडा. मग सबिनाने विचारलं, "जेवलात काय?" बाबा म्हणाले, "वांगं. फिलू चांगलं करते, पण तुझ्या आईचं ते नाही." आयुष्यात बाबा फोनवर एवढं लांब वाक्य बोलले नव्हते! फिलूलाही राग यायचा राहिला.

मग रोजच. आकडा सांगून झाला तरी फोन सुरूच. वाडीतल्या केळींना काय झालंय, तिच्या वॉर्डात कोण म्हातारा त्रास देतो, तिकडे पाव कसा मिळतो. एके दिवशी बाबा आपणहून म्हणाले, "तुझ्या आईने त्या दिवशी सकाळी चहा मागितला होता. अर्धा प्यायली. मग म्हणाली, जरा पडते, सबिनाचा फोन आला तर उठवा." थोडं थांबून म्हणाले, "दुखलं-खुपलं काही नाही गं तिला. तू असतीस तरी तुला कळलं नसतं. मी शेजारी होतो, मला नाही कळलं."

हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका दुकानात बसतो आम्ही, कधी बोलले नाहीत. मी हातातला बँड खाली ठेवला आणि मागे जाऊन तोंड धुतलं.

आठवडा कधीच उलटून गेला, पार्सलचा पत्ता नाही. शेवटी मी कुरियरवाल्याला फोन लावून चांगलाच झापला.

तो म्हणाला, "काय शेठ, सोमवारीच तर डिलिव्हरी दिली! पुढे काका बसतात ना, त्यांनीच घेतलं. सही पण केली."

मी पुढे गेलो. बाबा भिंग लावून कामात. त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली खाकी पाकीट होतं, न फोडलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सात वाजले आणि फोन वाजला. बाबांनी माझ्याआधी उचलला.

"नाय गं, अजून नाय आली बॅटरी," बाबा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "या कुरियरवाल्यांचं काही खरं नाही. हां... हां. थांब, मोजतो."