कवळी, कडक भाकरी आणि ग्रीक दही

तामलवाडीत हमरस्त्याला लागून माझी शेड आहे, मागंच घर. तिथं आम्ही सहा जणी ज्वारीच्या आणि बाजरीच्या कडक भाकरी करतो. तुळजापूरचे भाविक आणि सोलापूरपर्यंतची हॉटेलं हे आमचं गिऱ्हाईक. सुरुवात मी एकटीनं, एका चुलीवर केली. भाव मी सांगते आणि तो पाडून अजून कुणी दाखवलेला नाही.

एवढं असून आमच्या घरात सकाळी मैद्याचा पांढरा ब्रेड यायचा. पहाटेपासून माझे हात शेडवरच्या पिठात, आणि आमच्या ह्यांना कवळी. कडक भाकरी चावली की कवळी सरकते. ब्रेड चहात बुडवला की चावायचं कामच नाही.

तुळजापूरच्या डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून विचारलं, सकाळी काय खाता? ह्यांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर माझ्याकडं वळले.

"मावशी, तुमच्या भाकरी मी विकत घेऊन खातो. आणि तुमच्या घरात ब्रेड?"

"तुम्हाला दात हायेत," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पुढच्या तपासणीला साखर अशीच राहिली तर इन्सुलिन सुरू करावं लागेल, म्हणाले. आमच्या ह्यांना सुईची भीती जन्मापासूनची. एकदा कुत्रं चावलं तेव्हा पोटरीवर दात उमटलेले असताना "चावलंच न्हाय" म्हणून अडून बसले होते. त्या दिवशी एसटीत तुळजापूर ते तामलवाडी ते रिपोर्टची घडी घालत आणि उघडत बसले. ब्रेड बंद, एवढं तर ठरलं. पण कवळीच्या माणसाला सकाळी द्यायचं काय?

त्याच आठवड्यात पुण्याहून माझी थोरली जाऊ आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्काचं आणि माझं का बिनसलंय ते आधी सांगते. तिच्या मोठ्या मुलीच्या लग्नात रुखवत मांडायचं होतं. मी रात्रंदिवस खपून कागदासारख्या पातळ बाजरीच्या भाकरी केल्या, तीळ लावून, एकीलाही तडा नाही. दुरडीत रचून रुखवताच्या मधोमध ठेवल्या. नवऱ्याकडची माणसं यायच्या आधी अक्कानं ती दुरडी उचलली आणि आत धान्याच्या पोत्यांमागं नेऊन ठेवली. "भाकरी काय मांडायची वस्तू आहे? लोक काय म्हणतील?" चारचौघींत म्हणाली. मी जेवले नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. त्याला बरीच वर्षं झाली, पण मी विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही.

तर अक्का आली ती ब्राऊन ब्रेड घेऊन. "भाऊजींसाठी आणलाय. हेल्दी असतो."

मी पुडा उलटा केला. माझ्याही भाकरीच्या पुड्यावर छापावं लागतं म्हणून मला ठाऊक आहे, जे जास्त ते आधी लिहितात. पहिलंच नाव मैद्याचं. पुढं साखर, त्याच्या पुढं रंग.

"अक्का, पांढऱ्याला सावळा केलाय नुसता."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

"खोट मी न्हाय घातली, बेकरीवाल्यानं घातलीय. तुम्ही पैसे देऊन आणलीय."

मग आवाज चढले. रुखवत निघालं, पोती निघाली. मी तापले की शेडवरच्या बाया रस्त्यापर्यंत जातात, तशा गेल्या. भांडायच्या आधी अक्कानं एक वाडगं मांडून ठेवलं होतं, ब्रेडला लावून खायला केलेलं ग्रीक डिप. घट्ट दही, किसलेली काकडी, लसूण, शेपू. आमचे हे भांडण सुरू झालं की काहीतरी हातात घेऊन बसतात. त्यांनी डब्यातली भाकरी घेतली, तिचे तुकडे त्या दह्यात खोचले आणि आमची तोंडं बघत बसले. भांडण लांबलं. तुकडे मऊ पडले. आम्ही दम खायला थांबलो तेव्हा वाडगं पुसून घेतल्यासारखं रिकामं होतं.

"आजून हाय का?" ते म्हणाले.

अक्कानं दुसरी काकडी किसायला घेतली.

त्या डिपची कृती तिच्याकडून काढून घेणं म्हणजे सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून ज्वारीचा खरा भाव काढून घेण्यासारखं. मी लसूण सोलत विचारत गेले.

"फोडणी?"

"नाही."

"दाण्याचं कूट?"

"नाही गं बाई. ते ग्रीक आहे."

"चिमूटभर साखर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं विचारलं नाही. दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगायचं, काकडी मीठ लावून पिळायची, वरून ऑलिव्हचं तेल. त्या तेलाची बाटली मी तुळजापुरात बघितली. दुकानदार छापील किमतीच्या खाली यायला तयार नव्हता, मी वर जायला तयार नव्हते. घाण्याचं करडईचं तेल घरात होतं, तेच घातलं. कुणी ग्रीक तपासायला आला नाही.

अक्का गेल्यावर पहिल्यांदा मी एकटीनं केलं आणि चुकलं. पाडव्याच्या श्रीखंडाला आम्ही चक्का रात्रभर बाहेर टांगतो, तसाच टांगला. उन्हाळ्यात तो आंबट होतो, पण श्रीखंडात साखर पडते म्हणून कळत नाही. इथं साखर नव्हतीच. सकाळी चाखला आणि डोळे मिटले. टाकून देणार तेवढ्यात ह्यांनी भाकरी बुडवली.

"येळवशीला शेतात पितो त्या आंबिलीवानी लागतंय की!" म्हणाले आणि दुसरी भाकरी मोडली. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, त्या दिवशी शेतात ताकाची आंबट आंबील असते. तेव्हापासून आमचं ग्रीक दही मुद्दाम आंबट असतं. दही नसेल त्या दिवशी वांगं चुलीत भाजून लसूण, लिंबू आणि कच्चं तेल घालते. ग्रीक लोक तसंही करतात, अक्का म्हणाली. आम्ही त्याला भरीतच म्हणतो, फक्त मिरची घालत नाही. भाकरीचे तुकडे अर्धा तास आधी घालून ठेवायचे, म्हणजे कवळी जागेवर राहते.

मऊ पोळी का नाही दिली, असं कुणी विचारेल. दिली होती. पोळी चहात बुडवून त्यात साखर वाढवून खायचे. डिप आल्यावर चहाचा कपच बाजूला राहिला.

पुढच्या तपासणीला हे दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, आत येईनात. मी हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. साखर उतरली होती. अजून हवी तेवढी नाही, पण सुई नको, गोळ्या आहेत त्याच चालू द्या, म्हणाले. ह्यांनी बाहेर येऊन रसवंतीकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मग ते एसटीकडं चालू लागले.

संध्याकाळी अक्काचा फोन.

"बघ, माझ्या डिपनं गुण आला."

"भाकरी माझी होती, अक्का."

ती आवाज उतरवून म्हणाली, "ह्यांचीही साखर वाढलीय गं. दात त्यांचेही हलतात. थोड्या भाकरी पाठवशील का?"

माझ्या डोळ्यांपुढं ती दुरडी आली. अक्काच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरतंय हे मला कळलं होतं. रुखवताच्या पहिल्या रांगेत माझी भाकरी, ही अट ओठांवर आली. बाजू माझी होती आणि सौदा पक्का होता. ह्यांनी ताटातला तुकडा तसाच धरून माझ्याकडं बघितलं. थोरला भाऊ त्यांचा.

"उद्याच्या गाडीनं पाठवते," मी म्हणाले. "आणि दही रात्रभर बाहेर टांगा. आंबट झालं तर टाकू नका."

औषधावर मी घासाघीस करत नाही. रुखवताचं लग्नाच्या वेळी बोलीन.