यादीतलं जुनं नाव

आमच्या शेजारचे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बँकेतून निवृत्त झालेले, पोस्टकार्डसुद्धा दोनदा वाचून पेटीत टाकणारे. दोन्ही मुलं इस्रायलला, आणि काकींना जाऊन वर्ष होत आलेलं. वर्षाच्या दिवशी काकांना त्यांच्यासाठी कद्दिश म्हणायचं होतं. पण ही प्रार्थना म्हणायला सिनेगॉगमध्ये दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर ती म्हणताच येत नाही. पनवेलमध्ये त्यांच्या समाजाची घरं उरली होती मोजकी.

मी तेव्हा एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास घ्यायचे आणि स्वतःला भलतीच हुशार समजायचे. मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, बटण दाबलं की यादीतल्या एकेकाला मेसेज जाणार, उत्तरंही पडद्यावर दिसणार, असा साधा प्रोग्राम मी काकांना लिहून दिला. नाव पुसायचं बटणही कौतुकाने दाखवलं.

काकांनी वहीतली एकवीस नावं टाइप केली. त्यातली निम्मी माणसं कधीच देश सोडून गेलेली.

"काका, ही पुसून टाकू? मेसेज फुकट जातील."

"राहू दे गं. लांब गेले म्हणून नाव पुसायचं का?"

एवढा काटेकोर माणूस, आणि इथे हट्टाला पेटला. मी हात टेकले.

मेसेज त्यांनीच लिहिला. 'बुधवारी संध्याकाळी सात, पनवेलचं सिनेगॉग. आमच्या हिच्यासाठी दहा जण हवेत. येणार का, कळवा.'

बुधवारी दुपारपर्यंत काकांना धरून नऊ झाले. मग आणखी एक 'येतो' आला, तो काकांच्या एका मित्राच्या नंबरावरून. हा मित्र आठ वर्षांपूर्वीच इस्रायलला गेलेला. त्या नंबरावर फोन लावला तर लागेना. माझ्याच प्रोग्राममध्ये काहीतरी घोळ आहे अशी माझी खात्री झाली. काकांचं तोंड बघवेना.

सात वाजले. मी मागे बायकांच्या बाजूला बसले होते. मी बाई आणि परधर्माची, म्हणजे मोजणीतून दोन्हीकडून बाद. पुढे नऊ पुरुष दाराकडे बघत बसलेले. सव्वासातला दाराशी रिक्षा थांबली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं, असा एक तिशीचा माणूस धापा टाकत आत आला.

"मामांनी जाताना हे सिम मला दिलं होतं. कामावर फोन बंद ठेवावा लागतो, तुमचा मेसेज जेवणाच्या सुट्टीत पाहिला. नोकरीसाठी चार महिन्यांपूर्वी इथे जवळच रोडपालीला आलो. इथे आपलं कोणी आहे हे मला माहीतच नव्हतं."

काकांनी त्याचा हात हातात घेतला, मग सोडला आणि पुढे जाऊन उभे राहिले. कद्दिशमधला एक शब्दही मला कळला नाही. त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही, रडले मी. लांब गेलेल्यांनाही यादीत ठेवणारं इतकं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी यादीत मित्राच्या नावाखाली भाच्याचं नाव टाइप केलं. वरचं नाव तसंच ठेवलं. मी बाजूला बसून प्रोग्राममधलं नाव पुसायचं बटण काढून टाकलं.